बुडालेली वात

मी वायरमन आहे आणि माझी बायको मेणबत्त्या करते. यावर जे काही विनोद होऊ शकतात ते सगळे आधीच होऊन गेलेत, तेव्हा तुम्ही नवीन शोधायच्या भानगडीत पडू नका. माझा मेव्हणा तर दर भेटीत एकच विनोद ऐकवतो, आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच हसून घेतो.

तिच्या मेणबत्त्या साध्या नसतात. काचेच्या ग्लासात ओतलेल्या, वासाच्या. स्वयंपाकघरातला अर्धा ओटा तिच्या पातेल्यांनी आणि बाटल्यांनी अडवलेला असतो आणि उरलेल्या अर्ध्यात आमचा चहा होतो. लव्हेंडर, लिंबू, चंदन, व्हॅनिला, आणि आणखी कसले कसले अर्क. घेणाऱ्या बायका सांगतात, हिने मन शांत होतं, तिने घर प्रसन्न वाटतं. माझं मत विचाराल तर मेणबत्ती ही वीज गेल्यावर लावायची वस्तू आहे, आणि मी वायरी ओढलेल्या घरात वीज सहसा जात नाही.

पण खोटं कशाला बोलू? एका रविवारी तिने लिंबाची मेणबत्ती लावली, आणि थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की मी टेबलफॅन उघडून त्याची पाती धुतोय. मला कुणी सांगितलं नव्हतं. लग्नापासून तो फॅन मी कधी धुतला नव्हता. लव्हेंडरचंही तेच. खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून माझं आणि आईचं रोज वाजतं. लव्हेंडर लावली की भांडण थांबत नाही, पण आम्ही दोघं हळू आवाजात भांडायला लागतो. एकदा तर आई मला 'मूर्ख' इतकं गोड म्हणाली की मी खिडकी बंद करून टाकली.

बायकोचे या कामातले दोन नियम आहेत आणि ते ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवते. पहिला, गार मेणबत्ती हुंगून मत द्यायचं नाही. गार असताना तिचा वास एक असतो आणि पेटल्यावर दुसराच निघतो. लोक ग्लास नाकाला लावून नाक मुरडतात तेव्हा तिच्या डोक्यात तिडीक जाते. दुसरा, फार वेळ वासात बसलं की नाक थकतं, त्याला काही कळेनासं होतं. म्हणून ती मधून मधून काम सोडून दाराबाहेर जाऊन उभी राहते. मी हे दोन्ही नियम हजारदा ऐकले होते. ऐकले होते म्हणजे कानावर पडले होते.

आम्ही भाड्याच्या घरात राहतो. खाली आम्ही तिघं, वर घरमालकीण. त्यांना आम्ही वरच्या काकू म्हणतो. राहायला आलो तेव्हा या घराच्या वायरी म्हणजे नुसता गुंता होता. मी एक एक खोली करत सगळं घर नव्याने केलं. आईचा हात खांद्याच्या वर जात नाही म्हणून तिच्या खोलीतली बटणं खाली घेतली. बायकोच्या ओट्यावर तिच्या शेगडीसाठी वेगळी लाइन ओढली. जिन्याला दोन बटणं बसवली, एक खाली आणि एक वर, म्हणजे खालून दिवा लावायचा, वर पोचलं की वरून बंद करायचा. हे काम काकांनी, म्हणजे काकूंच्या यजमानांनी, मुद्दाम सांगितलं होतं. ते दोघं तेव्हा रोज संध्याकाळी पत्ते खेळायला खाली यायचे. काका पत्त्यांत लबाडी करायचे आणि काकू ती मोठ्याने जाहीर करायच्या. ते हरले तरी जिना चढताना गुणगुणत जायचे, आणि वर पोचले की खट्‌ करून दिवा बंद व्हायचा.

काका गेले आणि काकूंनी खाली येणं सोडलं. बोलावलं की म्हणायच्या, "येईन गं, आज नको." पुढे पुढे बायको विचारायलाही बिचकायला लागली.

मग एक दिवस त्यांनी मला वर बोलावलं. खुर्चीत ताठ बसल्या होत्या. म्हणाल्या, "अरे, मी घर विकायचं म्हणतेय. धाकटी बहीण केव्हाची बोलावतेय. हे घर आता खायला उठतं मला. तुम्हाला घाई करणार नाही, पण दुसरी जागा बघायला लागा."

मी 'बरं' म्हणालो. दुसरं काय म्हणणार? त्यांचं घर होतं.

"आणखी एक काम होतं," त्या म्हणाल्या. "बघायला लोक येतील. माझ्याच्याने दाखववणार नाही. तू दाखवशील का? तुला या घरातली वायर न् वायर ठाऊक आहे."

म्हणजे ज्या फांदीवर मी बसलोय ती किती मजबूत आहे हे मीच गिऱ्हाइकाला समजावून सांगायचं. मी त्यालाही 'बरं' म्हणालो आणि खाली येऊन बायकोवर चिडलो, कारण ती समोर होती.

ती ओट्यावरून नुसता हात फिरवत उभी राहिली. आई म्हणाली, "मला नव्या घरात बटणं सापडायला वेळ लागेल बाबा." एवढंच. बाकी सामान टेम्पोत घालून नेता येतं. भिंतीत घातलेल्या वायरी काढून नेता येत नाहीत.

तेव्हाच माझ्या डोक्यात दिवा पेटला. चांगल्या वासाने घर आवडत असेल तर घाण वासाने नावडायलाच पाहिजे!

मी बायकोला म्हणालो, "एक वाईट वासाची मेणबत्ती करून दे."

"काय?"

"अशी, की आत पाऊल टाकताच माणसाने पाय काढता घ्यावा."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू तिला चोरी करायला सांगत होतो. म्हणाली, "माझ्या हातून तसलं काही होणार नाही. आणि काकूंनी विश्वासाने काम दिलंय तुम्हाला. लाज वाटू द्या."

लाज वाटली. पण अक्कल चालायची थांबली नाही. शनिवारी दुपारी एक जोडपं घर बघायला येणार होतं. बायको त्या दिवशी आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जाणार होती. त्या दोघी सकाळी बाहेर पडल्या आणि मी बाह्या सरसावल्या.

ओट्याखाली एक कप्पा आहे, त्यात तिच्या बिघडलेल्या, नापास झालेल्या अर्कांच्या बाटल्या असतात. टाकून देववत नाहीत म्हणून ठेवलेल्या. मी सगळ्या बाहेर काढल्या. एकीला जुन्या औषधाचा वास होता, एकीला ओल्या कुत्र्याचा, एकीला बंद कपाटाचा, एकीला करपलेल्या साखरेचा. पातेल्यात पातेलं ठेवून मेण वितळवलं आणि हाताला येईल ती बाटली ओतत सुटलो. हुंगायचं, तोंड वाकडं करायचं, आणखी ओतायचं. शेवटी वाटलं, नुसता वास कशाला, थोडा धूरही होऊ दे. माझ्या अवजारांच्या पिशवीत राळ असते, सोल्डरिंगला लागते ती. तिचा एक खडा कुटून आत टाकला. वात कुठली घ्यायची हे काही मला माहीत नव्हतं. हाताला लागली ती घेतली.

मेण गार झाल्यावर ग्लास नाकाशी नेला आणि मला मळमळलं. वा! अगदी मनासारखी जमली होती.

ते जोडपं वेळेवर आलं. ती दातांची डॉक्टर, घाईची, सगळ्याकडे तोंड उघडायला सांगितल्यासारखी बघणारी. नवरा उंच, मुखदुर्बळ, तिच्या मागे मागे. मी मेणबत्ती बैठकीच्या टेबलावर आधीच पेटवून ठेवली होती. आता सकाळपासून त्या सगळ्या बाटल्यांवर वाकून माझ्या नाकाचं काय झालं असेल ते तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. मला कसलाच वास येत नव्हता, पण मी स्वतःच्या नाकाने खात्री केली होती ना, गार असताना! तेव्हा घरात दुर्गंधी पसरली आहे असं मी धरूनच चाललो.

"या," मी म्हणालो. "वासाबद्दल माफ करा. इथे हा कायमचाच आहे."

डॉक्टरीणबाई दारातच थबकली. डोळे मिटून तिने श्वास आत ओढला. मी मनात म्हटलं, आता निघते.

"कायमचा?" ती म्हणाली.

"कायमचा. भिंतीत मुरलाय. खूप उपाय केले, जात नाही."

"पण घालवायचा कशाला?" म्हणत ती आत आली आणि बसली. उभ्याने सगळं बघायला आलेली बाई, पर्स बाजूला ठेवून चक्क मागे टेकून बसली. नवरा खिडकीपाशी उभा राहून हसत होता, एकटाच.

मला वाटलं, सभ्य माणसं आहेत, मनावर घेत नाहीत. मी आणखी जोर लावला. "स्वयंपाकघरात तर याहून जास्त येतो. पाहुणे टिकत नाहीत आमच्याकडे."

"माझ्या आजोबांच्या दुकानाचा वास आहे हा," नवरा म्हणाला. त्याचं ते पहिलंच वाक्य होतं, आणि मग तो थांबेचना. आजोबांचं दुकान, तिथली लाकडी शिडी, वरच्या फळीवरची बरणी, ती याने कशी फोडली आणि मांजराचं नाव कसं सांगितलं. डॉक्टरीणबाई त्याच्याकडे बघतच राहिली. "हे मला कधी सांगितलं नव्हतंस," ती म्हणाली आणि इतकी हसली की मीही हसलो. आपण इथे कशाला उभे आहोत हेच मी विसरलो. मग आठवलं आणि घाईने म्हणालो, "बाथरूमचा नळही गळतो हं!"

"नळ काय, बदलता येतो," ती आनंदाने म्हणाली.

इतक्यात जिन्यावर पावलं वाजली. वरच्या काकू दारात उभ्या होत्या. घरातल्याच साडीत, केस नीट न बांधलेले, वासामागे तशाच आल्यासारख्या.

"काय लावलंयस तू?" त्यांनी विचारलं.

आता काकूंसमोर काय सांगणार, की तुमचं घर विकलं जाऊ नये म्हणून घाण केली आहे?

काकू आत आल्या, त्यांच्या जुन्या जागी, पत्ते खेळायच्या जागी बसल्या. चपला काढल्या आणि दोन्ही पाय वर घेऊन मांडी घातली. डॉक्टरीणबाईला, जिला त्या जन्मात पहिल्यांदा बघत होत्या, म्हणाल्या, "आमचे हे दाढीचा साबण कपाटात शर्टांच्या मधे ठेवायचे. शर्टांना वास लागतो म्हणून. एकदा साबण समजून वडी काढली आणि गालाला लावली. ती निघाली माझी चीजची वडी, उंदराच्या पिंजऱ्यासाठी तिथेच ठेवलेली. अर्धी दाढी होईपर्यंत यांना पत्ता नाही!"

सगळे हसत सुटले. काकू डोळे पुसत हसत होत्या. काका गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलंच नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी चहा टाकायला धावलो आणि साखर दोनदा घातली.

बायको आणि आई परतल्या तेव्हा घरात असा कल्ला चालला होता. बायको उंबऱ्यातच थांबली. नाक किंचित वर केलं. टेबलावरच्या ग्लासकडे पाहिलं, मग ओट्याखालच्या उघड्या कप्प्याकडे, मग माझ्याकडे. पण ती रागावली नाही. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी फार क्वचित पाहिलंय. परीक्षेत नापास व्हायला निघालेलं पोर पहिलं आल्यावर आईबापांचा होतो ना, तसा तिचा चेहरा झाला होता.

"आम्हाला घर पसंत आहे," डॉक्टरीणबाईने त्याच क्षणी जाहीर केलं.

घाण करून घर वाचवायला निघालो होतो आणि सजवून विकून बसलो. बायकोचा हात आपोआप ओट्यावर गेला. आईने माझ्याकडे पाहिलं आणि लव्हेंडर नसतानाही हळू आवाजात म्हणाली, "मूर्ख."

आणि तेवढ्यात ज्योत फडफडली, लहान झाली आणि विझली.

"अरे!" काकू म्हणाल्या. "लाव की परत."

बायकोने ग्लास उचलून पाहिला. "नाही लागायची, काकू. ग्लास रुंद आणि वात बारीक. वितळलेल्या मेणात बुडाली ती."

"मग दुसरी कर."

बायको माझ्याकडे वळली. "काय काय घातलंत?"

"सगळंच," मी म्हणालो. "थोडं थोडं. मला आता आठवत नाही."

काकू त्या विझलेल्या ग्लासकडे बघत राहिल्या. त्यांचे पाय अजून वरच होते. मग त्यांनी घसा खाकरला आणि डॉक्टरीणबाईला म्हणाल्या, "हे बघा, घराचं आपण थोडं थांबू या. ही मेणबत्ती परत जमली पाहिजे आधी. ती जमेपर्यंत मी काही जागची हलत नाही."

"मेणबत्तीसाठी?" नवऱ्याने विचारलं.

"मग? सोपं काम आहे का ते?" काकू गरजल्या. या बाईचा हा आवाज आम्ही विसरलो होतो. काका लबाडी करताना सापडले की निघायचा तो!

डॉक्टरीणबाई काही क्षण काकूंकडे बघत राहिली. मग आम्हा तिघांकडे पाहिलं. तिला काय कळायचं ते कळलं असावं, कारण ती उठली आणि हसून म्हणाली, "जमली की एक मलाही ठेवा." जाताना लिंबाच्या दोन घेऊन गेली. मी नवऱ्याला सांगून ठेवलं की लिंबाची लावलीत तर पंख्यापासून लांब राहा.

दुसऱ्या दिवसापासून वरच्या काकू संध्याकाळी खाली यायला लागल्या, मेणबत्ती तपासायला. बायको रोज काहीतरी नवीन लावायची. काकू हुंगायच्या, विचार करायच्या, मान हलवायच्या. "चंदन जास्त झालं." "ही तर नुसती दवाखान्यासारखी." "हिने मला झोप येतेय." मेणबत्ती नापास झाली तरी ती जळेपर्यंत बसायचं, फुकट का घालवायची, असा नियम त्यांनीच केला. बसल्या बसल्या पत्ते निघाले. काकांच्या जागी मी लबाडी करायला शिकलो आणि रोज पकडला जायला लागलो. बहिणीचा फोन आला की काकू सांगायच्या, "येणार गं, पण इथलं काम अडलंय माझं."

मी एकदा बायकोला विचारलं, "तुझं नाक एवढं तयार, तरी तुला ती जमत नाही?"

"बघू," ती म्हणाली आणि दाराबाहेर जाऊन उभी राहिली.

परवा संध्याकाळी कामावरून घरी आलो आणि जिन्याजवळच थांबलो. त्या शनिवारी मला कसलाच वास आला नव्हता. परवा पहिल्यांदा आला. जुनं कपाट, करपलेली साखर, आणि सगळ्याच्या तळाशी राळ. तापलेली राळ. माझ्या उमेदीतली सगळी वर्षं त्या वासात गेली आहेत. आत गेलो तर टेबलावर तोच रुंद ग्लास. काठावरचा टवका ओळखीचा. बायकोने तो सांभाळून ठेवला होता, तेच मेण परत वितळवलं होतं आणि त्यात नवी वात बसवली होती.

"यात काय काय होतं ते केव्हा कळलं तुला?" मी विचारलं.

"दारातच कळलं होतं त्या दिवशी," ती म्हणाली. "बाटल्या माझ्याच होत्या. आणि त्यात तुमच्या अवजारांच्या पिशवीचा वास येत होता."

मला तिथल्या तिथे तिचा हात धरावासा वाटला आणि मी धरला. आई खिडकीकडे बघत बसली. तेवढ्यात काकू आल्या.

दारात त्यांचं पाऊल अडखळलं. मग त्या आपल्या जागी बसल्या, चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले. मग म्हणाल्या, "आमचे हे दाढीचा साबण शर्टांच्या मधे ठेवायचे..." आणि चीजच्या वडीची सगळी गोष्ट शब्दान्‌शब्द सांगितली. आम्ही ती पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसलो. काकूंनी डोळे पुसले, ज्योतीकडे नीट निरखून पाहिलं आणि मान हलवली.

"छे," त्या म्हणाल्या. "ही नाही ती. जवळपाससुद्धा नाही."

"अहो काकू, ही तर तीच—" मी म्हणालो, आणि आईच्या काठीचं टोक माझ्या पायाच्या अंगठ्यावर आलं. चुकून नाही.

"मलाही शंका होतीच," बायको म्हणाली. "उद्या परत करून बघते."

"बघ. मला काही घाई नाही," काकू म्हणाल्या आणि पत्ते पिसायला घेतले.

खेळ संपल्यावर त्या निघाल्या. मी खालून जिन्याचा दिवा लावला. त्या कठड्याला धरून सावकाश वर गेल्या, काहीतरी गुणगुणत. वर पोचल्यावर थांबल्या आणि तिथूनच हाक मारली.

"ऐकलंस का गं? या वेळी वात बरोबर बसवलीस!"

आणि खट्‌ करून दिवा बंद झाला.